छातीत न दुखणारा हृदयरोग: मधुमेहात तो कसा शोधायचा

हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडलं की छातीत आवळल्यासारखं दुखतं. ही वेदना मेंदूपर्यंत पोचते ती स्वायत्त मज्जातंतूंमधून. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली की तळपायांच्या नसांसारखेच हे तंतूही निकामी होऊ लागतात. मग रक्तवाहिनी खूप अरुंद झालेली असूनही माणूस प्रामाणिकपणे सांगतो, ‘मला काही त्रास नाही.’

त्यामुळे मधुमेहात ‘छातीत दुखतं का?’ एवढंच विचारून भागत नाही. सहा महिन्यांपूर्वी सहज चढता येणाऱ्या जिन्यावर आता थांबावं लागतं का? झोपताना उशी वाढवावी लागते का? संध्याकाळी घोटे सुजतात का? चालताना जबडा, खांदा किंवा पोटाचा वरचा भाग अवघडतो आणि थांबल्यावर काही मिनिटांत मोकळा होतो का? श्रमाबरोबर येणारी आणि विश्रांतीने जाणारी ‘ॲसिडिटी’ आधी हृदयाची समजूनच तपासावी.

मज्जातंतूंची तपासणी सोपी आहे, तरी ती फार क्वचित होते याची खंत वाटते. ईसीजी चालू ठेवून एक मिनिट संथ श्वास घ्यायचा: पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, असे सहा श्वास. ठोक्यांचा वेग श्वासागणिक मिनिटाला १५ किंवा जास्त ठोक्यांनी वरखाली व्हायला हवा. हा फरक १० पेक्षा कमी असेल तर तंतू बिघडल्याची शंका घ्यावी. वयानुसार तो थोडा घटतोच, हे लक्षात ठेवावं. दुसरी चाचणी रक्तदाबाची. पाच मिनिटं आडवं पडून दाब मोजायचा, मग उभं राहून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा दाब २० किंवा जास्त उतरला तर नोंद करावी. नुकतीच घेतलेली कॉफी, धूम्रपान, शरीरातलं पाणी कमी होणं, बीटा ब्लॉकरसारखी ठोके मंद करणारी औषधं यांनी हे आकडे फसतात.

लपलेला रोग फक्त रक्तवाहिन्यांचा नसतो. मधुमेहात स्नायूही ताठर होतो आणि हृदय नीट सैलावत नाही. इको (हृदयाची सोनोग्राफी) अहवालात ‘इजेक्शन फ्रॅक्शन ६० टक्के’, म्हणजे एका ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं ते प्रमाण, वाचून निश्चिंत होणारे अनेक असतात. पण तो आकडा आकुंचनाचा आहे. हृदयाचा डावा वरचा कप्पा (कर्णिका) मोठा झालाय का, हृदय भरताना दाब वाढतो का, हे त्याच अहवालात पुढे लिहिलेलं असतं. इकोच्या आधी रक्ताची एनटी-प्रोबीएनपी चाचणी करता येते; हृदयावर ताण आला की हा घटक रक्तात वाढतो. अमेरिकन डायबिटीज असोसिएशनच्या २०२२ च्या अहवालात लक्षणं नसतानाही ही किंवा तत्सम चाचणी वर्षातून एकदा सुचवली आहे. मिलिलिटरला १२५ पिकोग्रॅमच्या वर आकडा गेला तर इको करावा. लठ्ठ व्यक्तींत तो खोटा कमी येतो, तर वय आणि मूत्रपिंडाचा आजार यांमुळे वाढतो.

मग सरसकट सगळ्यांचा स्कॅन का करू नये? २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायॅड’ अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं. टाइप २ मधुमेहाच्या, लक्षणं नसलेल्या ११२३ जणांपैकी निम्म्यांचा हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा स्कॅन झाला. जवळपास पाच वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा हृदयरोगाने मृत्यू यांचं प्रमाण स्कॅन झालेल्यांत २.७ टक्के आणि न झालेल्यांत ३.० टक्के होतं, म्हणजे नाव घेण्यासारखा फरक नाही. झटका पुष्कळदा मध्यम आकाराचा चरबीचा थर फुटून येतो; रक्तप्रवाह अजून अडलेला नसल्याने असा थर स्कॅनला दिसत नाही. शिवाय स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) आणि रक्तदाबाचे उपचार बहुतेकांना तसेही लागतातच.

ताणचाचणी (श्रमाने किंवा औषधाने हृदयाला ताण देऊन केलेली तपासणी) खरी उपयोगी ठरते ती लक्षणं, ईसीजीत जुन्या झटक्याच्या खुणा किंवा पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असेल तेव्हा. टीएमटी, म्हणजे फिरत्या पट्ट्यावर चालवून केलेली ताणचाचणी, वाचताना एक गोष्ट जरूर पाहावी. २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के: साठीच्या माणसाला नाडी १३६ पर्यंत जायला हवी. पाय दुखल्यामुळे किंवा बीटा ब्लॉकरमुळे ती ११५ लाच अडली, तर ‘निगेटिव्ह’ हा शब्द निरर्थक. चाचणी अपुरी राहिली आहे. अशांना औषध देऊन केलेला ताणस्कॅन किंवा ठोके वाढवणारं डोब्युटामिन देऊन केलेला इको योग्य.

कॅल्शियम स्कोअर म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा सीटी स्कॅन. त्याला ना डाय (शिरेतून द्यायचा रंगद्रव) लागतो ना चालणं. १०० च्या वर धोका ठळक, ४०० च्या वर बराच जास्त. मऊ थर मात्र त्यात दिसत नाही, आणि स्टॅटिनने कॅल्शियम वाढू शकतं; म्हणून औषध लागू पडलं का हे पाहायला तो पुन्हा काढू नये.

घाम फुटून गळल्यासारखं झालं की मधुमेही माणूस साखर उतरली असं धरून गोड खातो. आधी ग्लुकोमीटर लावावा. आकडा ७० च्या खाली नसेल आणि घाम, मळमळ किंवा धाप चालूच असेल, तर छातीत दुखत नसलं तरी लगेच रुग्णालय गाठून ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात येणारं प्रथिन) करावं. पहिलं ट्रोपोनिन नॉर्मल आलं तरी काही तासांनी ते पुन्हा तपासावं लागतं, कारण स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात वाढायला वेळ लागतो.