सिरिंज पंपाचा आकडा आणि बाळाला गेलेलं औषध

"एनआयसीयूतला (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातला) सिरिंज पंप (सिरिंजचा दट्ट्या हळूहळू ढकलून औषध देणारं यंत्र) डिजिटल असतो, स्क्रीनवर दिसतं तेवढं औषध बाळाला गेलंच, अडलं तर अलार्म लगेच वाजतो" असं बरेच वर्षं फिरतंय. असं वाटणं साहजिक आहे, पण अर्धंच खरं.

पंपाला बाळाची शीर दिसत नाही हो, मोटरने दट्ट्या किती सरकवला त्यावरून तो आकडा दाखवतो. मोठ्यांना यातला फरक सहसा जाणवत नाही, पण नवजात बाळाला तासाला ०.५ मिली औषध चालू असेल आणि मधल्या नळीत औषध न भरलेली ०.५ मिली जागा असेल तर पहिला थेंब पोचायलाच तास लागतो! नळी दुमडली तरी तेच, प्रेशर हळूहळू वाढतं, सिरिंज ५० मिलीची असेल तर अलार्मला अर्धा तास किंवा जास्तही लागू शकतो, आणि मग नळी एकदम सोडली तर साठलेलं औषध एका दमात आत जातं (हे जास्त घातक). म्हणून सिस्टर आधी बाळाकडची बाजू बंद करून प्रेशर काढतात, छोटी सिरिंज घेतात, पंप वर-खाली हलवत नाहीत.

पडताळायचं कसं, तर दर तासाला सिरिंजवरच्या खुणा बघून किती मिली कमी झालं ते चार्टशी जुळवतात आणि सुईची जागा सुजली का तेही बघतात, कारण औषध शिरेबाहेर जात असलं तरी पंप बरेचदा गप्पच असतो.