मक्याचे प्रथिन आणि खुंटलेले उंदीर

कणकेचा घट्ट गोळा पाण्यात धरून चोळत राहा. आधी दुधासारखे पांढरे पाणी सुटते. तो स्टार्च, कुरडयांच्या चिकातला मुख्य ऐवज तोच. पाणी नितळ येऊ लागले की हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. हे ग्लुटेन, गव्हाचे प्रथिन.

एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की वनस्पतींतली प्रथिने आणि प्राण्यांची प्रथिने एकच. वाटाण्यातल्या प्रथिनाला तो चक्क ‘वनस्पतींचे केसीन’ म्हणे. केसीन म्हणजे दुधातले प्रथिन. लीबिगचा दबदबा एवढा, की ही समजूत बरीच वर्षे टिकली.

ती मोडीत काढण्यात मोठा वाटा अमेरिकेतल्या थॉमस ऑसबॉर्नचा (1859–1929). गंमत म्हणजे न्यू हेवनच्या ज्या कृषी प्रयोग केंद्रात तो 1886 साली लागला, तिथले सॅम्युअल जॉन्सन लीबिगकडेच शिकलेले. शिवाय ऑसबॉर्नचे सासरे! दोन वर्षांनी त्याने बियांतली प्रथिने वेगळी काढायला घेतली आणि पुढे जवळजवळ जन्मभर तेच केले.

त्याची रीत घरात समजावी इतकी सोपी. पीठ कशात विरघळते ते पाहायचे. साध्या पाण्यात उतरणारी प्रथिने एका गटात, मिठाच्या पाण्यात उतरणारी दुसऱ्या, अल्कोहोलमध्ये उतरणारी तिसऱ्या, आणि सौम्य आम्लात किंवा अल्कलीत उतरणारी चौथ्या. धान्याच्या प्रथिनांची ही विभागणी आजही वापरात आहे. ग्लुटेनही एकसंध नव्हते: त्यातले ग्लायडिन अल्कोहोलमध्ये विरघळले, ग्लुटेनिन मागे राहिले. पुढे या प्रथिनांचे तुकडे करून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते घटक, मोजली, तेव्हा फरक आणखी उघडे पडले. झीन या मक्याच्या प्रथिनात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही दोन अमिनो आम्ले सापडेनातच.

पण यामुळे खाणाऱ्याचे काही बिघडते का? हे रसायनशाळेतल्या काचेच्या भांड्यांना विचारून कळणार नव्हते. म्हणून 1909 पासून ऑसबॉर्नने येल विद्यापीठातल्या लाफायेट मेंडेलच्या जोडीने उंदीर पाळले. पिल्लांना पिष्ट, चरबी, क्षार सगळे द्यायचे. प्रथिन मात्र एकच. केसीनवर पिल्ले वाढली. ग्लायडिनवर ती जगली, वजन राखून राहिली, पण वाढली नाहीत. झीनवर तर रोडावत गेली. झीनमध्ये ट्रिप्टोफॅन घातले तेव्हा वजनाची घसरण थांबली. सोबत लायसिन घातले, तेव्हा कुठे वाढ सुरू झाली. मला सर्वांत नवल वाटते ते ग्लायडिनवरच्या खुजांचे. दीर्घकाळ पिल्लाएवढेच राहिलेले हे उंदीर योग्य प्रथिन मिळताच पुन्हा वाढू लागले. वाढीची ताकद संपली नव्हती, नुसती अडून बसली होती.

झीन वाईट म्हणून मका टाकाऊ, असे मात्र नाही. दाण्यात इतरही प्रथिने असतात, आणि झीनचा साठा रोपाने कोंबासाठी केलेला असतो, आपल्यासाठी नव्हे. ज्वारीचे मुख्य प्रथिन, काफिरिन, हे झीनच्याच गोत्रातले, लायसिनला तितकेच गरीब. तुरीत, हरभऱ्यात, मुगात लायसिन भरपूर. त्यांना उणीव मेथिओनिन या आणखी एका अमिनो आम्लाची, जे धान्यात त्या मानाने जास्त असते. न्यू हेवनच्या उंदरांना लायसिन शुद्ध करून घालावे लागले. आपल्याकडे ते भाकरीशेजारच्या पिठल्यात असते.