ओठांपर्यंत येणारा वाडगा

जपानी जेवणात मिसो सूप, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं सूप येतं, पण सोबत चमचा येत नाही. वाडगा आधी दोन्ही हातांनी उचलायचा, मग डाव्या हातावर पेलायचा, उजव्या हाताने चॉपस्टिक घ्यायच्या. आतले टोफूचे तुकडे चॉपस्टिकने खायचे आणि रस मात्र वाडग्याला ओठ लावून प्यायचा. पूर्वी घराघरांत जमिनीवर बसून जेवत, प्रत्येकापुढे त्याचा स्वतंत्र बुटका चौरंग असे. चौरंगापासून तोंड लांब, आणि भांड्यावर वाकून खाणं अशिष्ट. म्हणून भांडंच तोंडाकडे आणायची रीत पडली.

शेजारच्या कोरियातही भात, रस्सा आणि चॉपस्टिक आहेत. तिथे मात्र वाडगा हातात उचलून खाणं शिष्टसंमत नाही, रस्सा चमच्याने पितात. त्यामुळे कोरियन ताटाशी काशाचे किंवा स्टीलचे वाडगे सहज शोभतात. जपानी सूपासाठी ते चालणार नाहीत, कारण ते हातात धरवणारच नाहीत. गरम आमटीने भरलेली स्टीलची वाटी उचलताना बोटं कशी पोळतात, हे आपल्याला सांगायला नको.

मग हातात धरवेल असा वाडगा कशाचा करायचा? याचं उत्तर उष्णतावहनात आहे. चिनी मातीतून उष्णता लाकडाच्या साधारण १० पट वेगाने वाहते, स्टेनलेस स्टीलमधून तर जवळजवळ १०० पट. म्हणून सूपाचा वाडगा, म्हणजे ‘ओवान’, लाकडाचा. मग भाताचा वाडगा चिनी मातीचा असतो, तो कसा चालतो? भात स्थिर असतो, दाण्यादाण्यांत हवा असते आणि भांड्याला चिकटलेला थर लवकर निवतो. सूप सतत घुसळत असतं. भिंतीपाशी गार झालेला रस खाली जातो, आतला गरम वर येतो, आणि भिंतीला पुन्हा ताजी उष्णता मिळते. मिसो सूप थोडा वेळ न ढवळता ठेवलं, तर या हालचालीचे ढगांसारखे पुंजके डोळ्यांनी दिसतात.

दोन्ही वाडग्यांच्या तळाशी एक उंच कडं असतं, त्याला ‘कोदाई’ म्हणतात. बोटं त्या कड्याला आधार देतात, अंगठा वरच्या काठावर टेकतो. म्हणजे हात नेमका भांड्याच्या सगळ्यांत कमी तापलेल्या भागांना लागतो. वाडग्याचा व्यास जुन्या जपानी मापात साधारण ४ ‘सुन’, म्हणजे सुमारे १२ सेंटिमीटर. एका हातात नीट बसेल एवढाच. कित्येक घरांत प्रत्येकाचा भाताचा वाडगा आणि चॉपस्टिक ठरलेल्या असतात, दुसरा कुणी त्या वापरत नाही. मला हे फार आवडतं. ते भांडं सगळ्यांसाठी नसतं, एका माणसाच्या हातासाठी असतं.

पण लाकूड पाणी पितं, फुगतं, तडकतं. त्यावर उपाय म्हणजे ‘उरुशी’, एका झाडाचा चीक. हे झाड आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं. बिब्बा अंगावर उततो, ओले काजू सोलताना बोटं भाजतात, तसाच उरुशीचा ओला चीकही कातडीवर फोड आणतो. कारण रसायनंही भावंडंच आहेत. बेंझिनचं एक कडं आणि त्याला १५ कार्बन अणूंची लांब शेपटी, ही घडण उरुशीतल्या उरुशिओलमध्ये आहे आणि बिब्ब्याच्या तेलातही. काजूच्या टरफलाच्या तेलातल्या कार्डेनॉलचीही ठेवण तीच. त्या तेलापासून केलेला ‘कॅश्यू’ नावाचा लेप जपानमध्ये उरुशीच्या जागी घरगुती देव्हाऱ्यांना आणि मासे पकडायच्या गळाच्या काठ्यांना लावतात.

उरुशी वाळते ती मात्र अजब रीतीने. साधा रंग त्यातला द्रव उडून गेला की वाळतो. उरुशीला उलट दमट हवा लागते. लेप दिलेली भांडी ७० ते ८० टक्के आर्द्रतेच्या बंद कपाटात ठेवतात. त्या कपाटाला ‘फुरो’ म्हणतात, न्हाणीघरालाही हाच शब्द आहे. आपल्याकडे पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत, तिथे पावसाळ्यातच उरुशी भराभर घट्ट होते. चिकात लॅकेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, त्याच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात. ओलाव्यात ते कामाला लागतं, हवेतला ऑक्सिजन वापरून उरुशिओलचे रेणू एकमेकांना जोडत जातं आणि शेवटी एक अखंड, न विरघळणारं जाळं तयार होतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ योशिदा हिकोरोकुरो यांनी १८८३ मध्ये या विकराचं वर्णन केलं. तोवर कारागीर हजारो वर्षं ते वापरत आले होते. जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर काकिनोशिमा इथे सापडलेल्या उरुशी लावलेल्या वस्तू सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या आहेत.

जपानच्या नोतो द्वीपकल्पावरच्या वाजिमा गावात लाकडावर आधी कापड चिकटवतात, तेही जिथे धक्के बसतात त्या काठावर आणि कोदाईवर. खालच्या थरांत भाजलेल्या डायॅटम मातीची पूड मिसळतात. डायॅटम म्हणजे सिलिकाचं कवच असलेली सूक्ष्म शेवाळं. त्यांच्या जीवाश्म कवचांच्या छिद्रांत उरुशी शिरते आणि थर दगडासारखा कठीण होतो. असा एक वाडगा व्हायला शंभराहून अधिक पायऱ्या लागतात. आणि झाडाकडून मिळतं किती? १० ते १५ वर्षं वाढवलेलं झाड एका हंगामात जेमतेम २०० ग्रॅम चीक देतं, त्यानंतर ते तोडतात. ही किंमत कळल्यावर असा वाडगा निष्काळजीपणे धरवत नाही. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात आणि आगीत वाजिमाच्या कितीतरी कार्यशाळा गेल्या, ते वाचताना मनात हाच हिशेब फिरत होता.

मेजवानीत सूपाच्या वाडग्यावर झाकण येतं, आणि ते बऱ्याचदा उघडतच नाही. आतली वाफ निवून पाणी होते, दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकण दाबून धरते. दाबात १ टक्का फरक पडला, तरी १२ सेंटिमीटरच्या झाकणावर किलोभराहून जास्त भार येतो. ओढाओढ केली तर सूप सांडतं. जाणती माणसं डाव्या हाताने वाडग्याचे काठ दोन्ही बाजूंनी अलगद दाबतात. पातळ लाकूड किंचित लवतं, गोल काठ जरासा लंबगोल होतो, फटीतून हवा आत शिरते आणि झाकण हातात येतं. चिनी मातीच्या वाडग्याला ही युक्ती लागू पडत नाही. झाकण उचलताना ते वाडग्यावरच तिरपं धरतात, म्हणजे आतले थेंब सूपातच निथळतात. मग ते उजवीकडे उलटं ठेवतात. जेवण झाल्यावर झाकण होतं तसंच सुलटं परत लावायचं. उलटं करून वाडग्यात बसवलं, तर त्याची पाठ आणि वाडग्याचा काठ एकमेकांना घासतात आणि उरुशीवर ओरखडा उठतो.