जॅक दोनदा लॉस एंजेलिसला पोचतो, त्यातलं एकदाच खरं

मागच्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या मावसभावाने जिलबी मोडता मोडता जाहीर केलं, की त्याने ‘लॉस्ट’ ही अमेरिकी मालिका संपवली. सहाच्या सहा सीझन, दोन महिन्यांत. मला इतका आनंद झाला की मी माझी जिलबी पण त्याच्या ताटात वाढायला निघालो. तेवढ्यात तो म्हणाला, “पण शेवटी कळतं ना, विमान पडलं तेव्हाच सगळे गेलेले असतात. तो जॅक दाढी वाढवून अमेरिकेत फिरत असतो ना, ते पण वरचंच सगळं.”

जिलबी मी परत घेतली.

एका दमात दोन चुका, आणि दोन्ही एकाच गोंधळातून आलेल्या. ही मालिका 23 मे 2010 रोजी संपली. त्या दिवसापासून दर वर्षी कोणी ना कोणी नवा माणूस ती बघून उठतो आणि हेच ज्ञान मला देतो. म्हणून आता एकदा लिहूनच ठेवतो. यापुढे कोणी विचारलं की हे पुढे सरकवायचं. (ज्यांनी मालिका अजून पाहिली नाही त्यांनी इथेच थांबावं. खाली सगळं फोडलेलं आहे.)

प्राथमिक माहिती भराभर. ओशनिक कंपनीचं 815 नंबरचं विमान सिडनीहून लॉस एंजेलिसला निघतं, 22 सप्टेंबर 2004 रोजी एका बेटावर कोसळतं, आणि वाचलेले लोक डॉक्टर जॅकच्या पुढारपणाखाली सुटकेची वाट बघतात. मधेमधे त्यांचं आधीचं आयुष्य दिसतं. तो फ्लॅशबॅक. फ्लॅशबॅक काय असतो हे मराठी प्रेक्षकाला समजावून सांगायची वेळ माझ्यावर आलेली नाही आणि येऊ नये.

घोळ होतो तो पुढच्या दोन प्रकारांत: फ्लॅश-फॉरवर्ड आणि फ्लॅश-साइडवेज. दोन्हींत बेटावरचीच माणसं बेटाबाहेर दिसतात. दोन्हींत लॉस एंजेलिस दिसतं, दोन्हींत जॅक डॉक्टरच असतो. त्यामुळे सगळं एकाच पिशवीत भरलं जातं.

फ्लॅश-फॉरवर्ड कळायला तिसऱ्या सीझनचा शेवट पुरेसा आहे. 23 मे 2007 चा तो भाग. अख्ख्या मालिकेत सुटकेसाठी इतकी जिवाची धडपड दुसऱ्या कुठल्या भागात नाही. जॅक सगळ्यांना घेऊन डोंगरावरच्या रेडिओ टॉवरकडे निघालाय. तिथून सोळा वर्षं एका फ्रेंच बाईचा संदेश पुन्हा पुन्हा वाजतोय. वाचलेल्यांपैकी सईदला तो अगदी सुरुवातीलाच ऐकू आला होता. तो बंद करायचा आणि बेटावर नुकत्याच उतरलेल्या नाओमीच्या सॅटेलाइट फोनवरून तिच्या जहाजाला हाक मारायची, असा बेत. पण पाण्याखालच्या एका स्टेशनातून सगळे सिग्नल अडवलेले आहेत. ते मोकळे करायला चार्ली खाली उतरतो, करतो, आणि तेवढ्यात पडद्यावर त्याच्या सोबत्याची, डेस्मंडची, प्रेयसी पेनी दिसते. जहाज तिनेच पाठवलंय असं सगळे समजत असतात, पण तिला त्याबद्दल काहीच माहिती नसते. पुढच्या क्षणी खिडकी फुटते, खोलीत पाणी घुसतं. चार्ली दार आतून लावून घेतो, म्हणजे बाहेरचा डेस्मंड तरी वाचेल, आणि तळहातावर पेनने लिहून काचेवर धरतो: ‘नॉट पेनीज बोट’. डेस्मंड काचेच्या अलीकडे. मधे पाणी चढतंय.

आणि या सगळ्याच्या अधूनमधून दाढीवाला जॅक. विमानात बसलेला, दारू मागणारा, गोळ्या खाणारा, पुलावरून उडी टाकायला निघालेला. आपण बिनधास्त समजतो की हा फ्लॅशबॅक. विमानात बसण्याआधी या माणसाची काय अवस्था होती बघा. 2007 मध्ये होस्टेलच्या खोलीत एका कॉम्प्युटरभोवती आम्ही आठ जण दाटीवाटीने बसलो होतो. शेवटच्या दृश्यात विमानतळाजवळ रात्री एक गाडी येऊन थांबते आणि त्यातून केट उतरते, तेव्हा खोलीत कोणीतरी “ए, पॉज कर, पॉज कर” असं ओरडलं. जॅक आणि केट तर बेटावर भेटले! म्हणजे हे आधीचं नाही, नंतरचं आहे. सुटका झाली, जॅक घरी पोचला, आणि आता बेटावर परत जायचं म्हणून रडतोय. विमान कंपनीने दिलेल्या फुकट पासवर दर शुक्रवारी समुद्रावरून उडतोय, पुन्हा कोसळावं म्हणून.

फ्लॅश-फॉरवर्ड म्हणजे एवढंच: घडलेलं, पण पुढचं. जिवंत माणसांचं. चौथ्या सीझनमध्ये कळतं की सहा जण घरी पोचले: जॅक, केट, हर्ली, सईद, सन आणि लहानगा आरॉन. जगाच्या लेखी ओशनिक सिक्स. मागचं की पुढचं हे ओळखायला कोण कोणाला ओळखतंय एवढं बघा, नव्वद टक्के काम झालं. उरलेल्या दहा टक्क्यांत सनच्या बाळंतपणाचा तो लबाड भाग आहे. त्यात सनचं पुढचं आणि पांडाचं खेळणं घेऊन धावणाऱ्या तिच्या नवऱ्याचं, जिनचं, मागचं असं मिसळून दाखवलंय की तो तिच्याकडेच पळतोय असं वाटत राहतं. तिथे फसलात तर मी काही बोलणार नाही. मीही फसलो.

आता साइडवेज. सहावा सीझन 2 फेब्रुवारी 2010 रोजी सुरू झाला. पहिलंच दृश्य: जॅक विमानात. हातात दारू, विमानाला हादरे. आणि विमान पडत नाही. सुखरूप उतरतं. हर्ली नशीबवान, सॉयर पोलिसात, लॉक व्हीलचेअरवर आणि शाळेत बदली शिक्षक, जॅकला एक मुलगा. हे सगळे एकमेकांना ओळखत नाहीत.

ही दोन दृश्यं पाठोपाठ लावून बघा. तिसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागाची सुरुवात आणि सहाव्या सीझनची सुरुवात. दोन्हींत जॅक, दोन्हींत विमान, दोन्हींत पेला. शवपेटीसुद्धा दोन्हीकडे आहे. पहिल्या जॅकपुढची शवपेटी बंद आहे, आत कोण ते आपल्याला वर्षभराने कळतं: बेटावरचा साथी लॉक. दुसऱ्या जॅकच्या वडिलांची शवपेटी विमान कंपनी हरवते, शेवटच्या भागात चर्चमध्ये सापडते, आणि उघडली तर रिकामी. एका पेटीत मेलेला माणूस आहे कारण ती जिवंतांच्या जगातली आहे. दुसरीत कोणी नाही, कारण तिथे मेलेला माणूस मागे उभा राहून बोलतो.

इथे लोक दोन वाटांनी चुकतात. पहिली चूक मी माफ करतो: “ते पॅरलल युनिव्हर्स आहे.” पाचव्या सीझनच्या शेवटी कालप्रवासात 1977 सालात अडकलेली मंडळी बॉम्ब फोडतात, की बेटाचा सगळा इतिहासच पुसला जावा आणि विमान पडूच नये. पडदा पांढरा होतो. पुढच्या सीझनमध्ये विमान पडत नाही आणि बेट समुद्राच्या तळाशी दिसतं. मग दुसरं काय वाटणार? बनवणाऱ्यांनी आपल्याला मुद्दाम त्या वाटेने चालवलं. फक्त बारकाईने बघणाऱ्याला खटकत राहतं. विमानाच्या टॉयलेटमध्ये जॅकच्या मानेवर रक्त येतं, जखम कसली ते त्याला कळत नाही. बेटावर ती जखम शेवटच्या भागात होते. पोटावर अपेंडिक्सची खूण आहे, पण ऑपरेशन आठवत नाही. आई म्हणते, लहानपणी झालं होतं. आपल्याला मात्र डॉक्टर जुलिएटने बेटावर केलेलं ऑपरेशन चांगलं आठवतंय. इतिहास पुसला असता तर या खुणा आल्या कुठून? बेट घडून गेलंय, म्हणून त्या अंगावर आहेत.

दुसरी चूक मात्र मावसभावाची, आणि तिला माफी नाही: “म्हणजे सगळे पहिल्यापासूनच मेलेले.”

साइडवेजच्या शेवटी सगळे एका चर्चमध्ये जमतात. तिथल्या शवपेटीच्या खोलीत जॅकचे वडील त्याला काय सांगतात ते कानांनी ऐका, सबटायटल चाळू नका. ते सांगतात, की तुझ्याबाबतीत जे जे घडलं ते सगळं खरं. मरण प्रत्येकाला येतं. इथले काही तुझ्याआधी गेले, काही तुझ्यानंतर पुष्कळ वर्षांनी. ही जागा तुम्ही सगळ्यांनी मिळून केलीत, एकमेकांना सापडावं म्हणून. आणि इथे ‘आत्ता’ असं काही नसतं.

यातलं शेवटचं वाक्य लोकांच्या कानावरून जातं, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. सगळे एका वेळी चर्चमध्ये दिसतात, म्हणून सगळे एका वेळी मेले असं गृहीत धरलं जातं. वाखरीला सगळ्या पालख्या भेटतात म्हणून त्या एकाच दिवशी, एकाच गावातून निघाल्या असं कोणी म्हणतं का? मुक्ताईची पालखी आळंदीच्या कितीतरी आधी निघालेली असते. तसंच हे. बून पहिल्याच सीझनमध्ये गेला. चार्ली त्या पाण्यात. सन आणि जिन सहाव्या सीझनमध्ये पाणबुडीत, हातात हात धरून. जॅक शेवटच्या भागात बांबूच्या बनात, शेजारी व्हिन्सेंट कुत्रा. केट, सॉयर आणि क्लेअर तर त्याच वेळी अजिरा कंपनीच्या विमानातून बेटाबाहेर पडतात. ते पुढे किती जगले हे मालिका दाखवतसुद्धा नाही. हर्ली बेटाचा राखणदार झाला, बेन त्याचा मदतनीस, आणि चर्चबाहेर दोघं एकमेकांच्या कामाचं कौतुक करतात. कुठलं काम? जॅक गेल्यानंतर बेटावर केलेलं. सगळे विमानातच मेले असते तर या दोघांना हा कारभार करायला वेळ कधी मिळाला?

म्हणून साइडवेजमधलं प्रत्येक माणूस मेलेलं आहे, हे खरं. बेटावरचं प्रत्येक माणूस मरेपर्यंत जिवंत आहे, हेही खरं. आणि फ्लॅश-फॉरवर्डमधला दाढीवाला जॅक पुरता जिवंत आहे. इतका जिवंत की त्याला ते सोसत नाही. तोच जर ‘वरचा’ मानला, तर चार्लीने दार आतून कशासाठी लावलं? मेलेल्या माणसाला वाचवायला कोणी बुडत नाही.

किरकोळ फरकही आहेत, पण ते एका ओळीचे. फॉरवर्डमधल्यांना बेट आठवतं आणि त्याने ते पोखरतात. साइडवेजमधल्यांना आठवत नाही आणि आठवलं की सुटतात. ते आठवणंही बहुतेकदा स्पर्शाने: सनला सोनोग्राफी करताना, सॉयर आणि जुलिएटला खाऊच्या मशीनपाशी. झालं.

“मग हा मोक्ष झाला ना?” असंही एकाने मला विचारलं होतं. चर्चमधल्या त्या खोलीतल्या काचचित्रात क्रॉसबरोबर ॐ पण आहे, आणि बेटावर पूर्वी संशोधन करणारी ती धर्मा इनिशिएटिव्हवाली मंडळी ऊठसूट ‘नमस्ते’ करतात, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना हा विषय घरचा वाटतो. म्हणा हवं तर मोक्ष. पण मग तो मेल्यानंतर मिळालेला म्हणा, सिडनीहून विमान सुटल्यावर लगेच नव्हे.

सगळ्यात गंमत अशी, की “कोणीच वाचलं नाही” ही थाप मालिकेतल्याच एका माणसाने मारलेली आहे. हिंदी महासागरात सुंडा गर्तेच्या तळाशी खोटं विमान टाकून, आत प्रेतं ठेवून, 324 च्या 324 लोक गेले असं जगाला पटवलं जातं. नाओमी बेटावर उतरल्यावर हर्लीला तेच सांगते. म्हणजे बेटावरचे लोक जी खोटी बातमी ऐकून हादरतात, तीच बातमी आमचा मावसभाऊ सहा सीझन बघून खरी मानून बसला.

आणि त्याचा दोष पूर्ण त्याचा नाही, हेही कबूल करतो. शेवटच्या भागाचं पहिलं प्रक्षेपण झालं तेव्हा नावं वर सरकत असताना मागे रिकामा किनारा आणि त्यावर पडलेले विमानाचे तुकडे दाखवले गेले. माणूस कोणी नाही. लोकांना वाटलं, हाच खुलासा, कोणी वाचलंच नव्हतं. ती दृश्यं कथेचा भाग नव्हती. भाग संपून बातम्या सुरू व्हायच्या आधी प्रेक्षकांना जरा उसंत मिळावी म्हणून एबीसी वाहिनीने आपल्या मनाने जोडली होती. कथेतल्या खोट्या विमानाने जग फसलं, वाहिनीच्या खऱ्या तुकड्यांनी प्रेक्षक.

तेव्हा दुसऱ्यांदा बघायला बसलात तर शेवट नीट बघा. बांबूंच्या मधून आकाश दिसतं, त्यातून केट-सॉयरचं विमान जातं, जॅक ते बघतो, डोळा मिटतो, मालिकेचं नाव येतं. तिथे रिमोट हाती घ्या आणि टीव्ही बंद करा. मावसभावाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, ठीक आहे, पण मग बेटावर ते पोलर बेअर कुठून आलं?