राजकीय आव्हाने आणि शासनाचा प्रतिसाद : ग्रामीण विदर्भ

प्रस्थापित शासनाचे निर्णय, अधिकार किंवा अस्तित्व यांना संघटितपणे दिलेला नकार म्हणजे राजकीय आव्हान होय. तहसील कचेरीवर निवेदन घेऊन गेलेल्या मोर्चापासून सशस्त्र उठावापर्यंत त्याचे अनेक प्रकार संभवतात. शासनाकडे उत्तरादाखल असलेली साधने मात्र मोजकीच असतात : बळाचा वापर, सवलत, विरोधकांना सत्तेत सामावून घेणे, चौकशी नेमणे आणि कालहरण. लोकशाही शासन सवलती देते व एकाधिकारी शासन बळ वापरते, ही प्रचलित समजूत अपुरी आहे. दोन्ही प्रकारची शासने पाचही साधने हाताळतात. खरा फरक साधन वापरून झाल्यानंतर दिसतो. आदेश देणाऱ्याला त्याचा जाब विचारता येतो का, घडलेल्या गोष्टीची बातमी बाहेर जाऊ शकते का आणि नाकारली गेलेली मागणी दुसऱ्या दाराने पुन्हा मांडता येते का, या प्रश्नांवर तो ठरतो.

ग्रामीण विदर्भ या अभ्यासासाठी विशेष उपयुक्त आहे, कारण येथील गावांनी एकाच प्रशासकीय चौकटीत दोन्ही प्रकारच्या राजवटी अनुभवल्या. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या व्यवस्थापनाखाली गेले, तर नागपूरचा प्रदेश १८६१ मध्ये मध्य प्रांतात समाविष्ट झाला. जिल्हाधिकारी, तहसीलदार, पोलीस ठाणे, राखीव जंगल आणि जमावबंदीचा हुकूम ही सगळी यंत्रणा स्वातंत्र्यानंतरही बव्हंशी तशीच राहिली. १९२७ चा भारतीय वन अधिनियम आजही लागू आहे.

वासाहतिक राजवटीला ग्रामीण भागातून मिळालेले पहिले व्यापक आव्हान जंगलाच्या प्रश्नावर होते. १० जुलै १९३० रोजी काँग्रेसचे नेते माधव श्रीहरी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला. चराई, जळतण आणि निस्तार (घरगुती गरजेपुरते वनोपज घेण्याचा गावाचा रूढ हक्क) यांवरील बंधने शेतकऱ्याला रोजची जाचत असल्यामुळे मिठापेक्षा गवताचा सत्याग्रह येथे अधिक रुजला. सरकारने सत्याग्रह्यांना तुरुंगात टाकले. पुढे १९४१ मध्ये हेच अणे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. अटक आणि सामावून घेणे ही दोन्ही साधने एकाच व्यक्तीच्या वाट्याला आल्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडते.

१६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर (तत्कालीन चांदा जिल्हा) आणि आष्टी (वर्धा जिल्हा) येथे आव्हानाने वेगळेच वळण घेतले. दोन्ही ठिकाणी पोलीस गोळीबारात आंदोलक मृत्युमुखी पडले आणि संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारी व पोलीस मारले गेले. त्यानंतर चिमुरात लष्कर आले, गावावर सामुदायिक दंड बसवण्यात आला, सरसकट धरपकड झाली आणि अनेकांना फाशीच्या शिक्षा सुनावण्यात आल्या. त्यांपैकी काहींचे पुढे जन्मठेपेत रूपांतर झाले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनाही त्याच महिन्यात अटक झाली. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी पुढे आल्या, तेव्हा सेवाग्राम आश्रमातील जयकृष्ण भणसाळी यांनी निष्पक्ष चौकशीची मागणी केली. त्यासाठी ते दिल्लीत अणे यांच्याकडेच गेले आणि पुढे त्यांनी ६३ दिवसांचे उपोषण केले. सरकारने या उपोषणाच्या बातम्यांवर निर्बंध घातले आणि चौकशीही मान्य केली नाही. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने गोळीबारापेक्षा हा उत्तरार्ध अधिक बोलका आहे. जमावावर गोळ्या स्वतंत्र भारतातही झाडल्या गेल्या आहेत. परंतु चौकशीची मागणी हाच अपराध मानणे आणि तिची बातमी दडपणे हे उत्तरदायित्व नसलेल्या सत्तेचे लक्षण आहे.

बातमी दडपण्याची किंमत अशा सत्तेलाही मोजावी लागते. खालचे अधिकारी वर केवळ आवडेल तेच कळवू लागतात आणि असंतोष किती खोल आहे हे राज्यकर्त्यांना तो फुटल्यावरच कळते. म्हणून कित्येक एकाधिकारी राजवटी स्थानिक तक्रारींना मर्यादित वाट देतात. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील वुकान या गावाने २०११ मध्ये जमीनविक्रीविरुद्ध बंड करून स्थानिक अधिकाऱ्यांना हुसकावले, तेव्हा प्रांतिक नेतृत्वाने नमते घेऊन २०१२ मध्ये गावात खुली निवडणूक होऊ दिली. मात्र २०१६ मध्ये त्याच निवडणुकीतून आलेल्या गावप्रमुखाला लाचखोरीच्या आरोपाखाली तुरुंगवास झाला आणि गावातील निदर्शने पोलिसी बळाने मोडण्यात आली. सवलत खरी होती, पण ती टिकवून धरील असे न्यायालय, वृत्तपत्र वा विरोधी पक्ष गावाच्या पाठीशी नव्हता.

लोकशाही शासनाचा प्रतिसाद निर्दोष असतो, असे यावरून समजू नये. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विदर्भाच्या खेड्यापाड्यांतून आलेल्या गोवारी समाजाचा मोर्चा नागपूरच्या विधानभवनाकडे निघाला होता. परंपरेने गुरे राखणाऱ्या या समाजाची मागणी अनुसूचित जमातींच्या सवलती मिळाव्यात ही होती. अडवून धरलेल्या गर्दीवर लाठीमार झाला, चेंगराचेंगरी उसळली आणि ११४ जण मरण पावले. त्यांत स्त्रिया व मुलांची संख्या मोठी होती. अधिवेशन भरलेले असताना विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर हे घडावे, यात प्रातिनिधिक शासनाचे मोठेच अपयश आहे. मोर्चा हा निवेदन स्वीकारण्याचा प्रसंग न मानता बंदोबस्ताचा प्रश्न मानण्याची वासाहतिक सवय त्या दिवशी उघडी पडली.

तथापि या घटनेचा उत्तरार्ध चिमूरपेक्षा वेगळा आहे. आदिवासी विकासमंत्र्यांनी राजीनामा दिला, न्यायमूर्ती दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला आणि १९९५ च्या निवडणुकीत राज्यातील सत्तांतर झाले. अर्थात त्याला इतरही कारणे होती. त्याच वर्षी गोवारींना विशेष मागास प्रवर्गात स्थान मिळाले. मूळ मागणी न्यायालयात पोहोचली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये ती मान्य केली, तर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये तो निर्णय रद्द केला. समाजाला हवे ते मिळाले नाही, मात्र मागणी बेकायदा ठरली नाही आणि ती मांडणारे देशद्रोही ठरले नाहीत.

लोकशाही शासन ठळक, एका दिवसात घडणाऱ्या संकटाकडे जितक्या तातडीने वळते, तितके संथ संकटाकडे वळत नाही. स्वतंत्र वृत्तपत्रे असलेल्या लोकशाहीत मोठे दुष्काळबळी पडत नाहीत, पण दीर्घकालीन कुपोषण मात्र दुर्लक्षित राहू शकते, असे अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांचे प्रतिपादन आहे. मेळघाटातील बालमृत्यू १९९० च्या दशकात वर्तमानपत्रांतून गाजले, न्यायालयात याचिका झाल्या, योजना आल्या. तरीही पावसाळ्यात तो विषय अजून बातम्यांत येतोच. शेतकरी आत्महत्यांचे प्रकरणही याच जातीचे आहे. कापूस पिकवणाऱ्या कास्तकाराची हताशा कोणत्याही कचेरीला वेढा घालत नाही. आत्महत्यांचे आकडे वाढत गेल्यावर जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले. २००८ च्या देशव्यापी कर्जमाफीत पूर्ण लाभासाठी दोन हेक्टरांची मर्यादा होती. कोरडवाहू वऱ्हाडात जमीन जास्त आणि उत्पन्न तुटपुंजे असल्यामुळे अनेक खरे गरजू त्या मर्यादेबाहेर राहिले. सवलत बहुमताच्या सोयीने आखली जाते, गरजेच्या नकाशाप्रमाणे नव्हे, ही टीका येथे लागू पडते.

सशस्त्र आव्हानाच्या बाबतीत शासनाने दुहेरी धोरण अवलंबिले. नक्षलवादी चळवळीचा शिरकाव होत असतानाच १९८२ मध्ये चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला. पुढे सी-६० हे विशेष पोलीस पथक उभारले गेले आणि आत्मसमर्पणाची योजनाही आली. दोन्ही बाजूंच्या संशयात सापडलेल्या आदिवासी गावांना या काळात लोकशाहीचे फायदे फारसे जाणवले नाहीत, हे नमूद केले पाहिजे. त्याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने मात्र ग्रामसभेच्या बळावर शासनालाच कायद्याने आव्हान दिले. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले, पण बांबूच्या वाहतुकीचे परवाने वनविभाग देईना. अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. येथे शासनाची एक शाखा दुसरीविरुद्ध उभी करता आली. एकाधिकारी व्यवस्थेत ही फट सहसा मिळत नाही.

लोकशाही शासन स्वतःच एकाधिकारी वळण घेऊ शकते, याचा अनुभव १९७५–७७ च्या आणीबाणीत आला. १९७७ च्या निवडणुकीत उत्तर भारताने सत्ताधाऱ्यांना झिडकारले, तरी विदर्भातील बहुसंख्य जागा काँग्रेसने राखल्या. दडपशाहीची झळ सर्वत्र सारखी बसत नाही आणि मतदार ती सारख्याच मापाने मोजत नाहीत, असा याचा अर्थ लावता येतो.

स्वतंत्र विदर्भाची मागणी हे कालहरणाने हाताळलेल्या आव्हानाचे उदाहरण होय. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात नागपूरला दरवर्षी अधिवेशन भरवण्यासह अनेक आश्वासने दिली गेली. राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली, ती स्वीकारली गेली नाही आणि १ मे १९६० रोजी विदर्भ महाराष्ट्रात राहिला. संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) मध्ये तरतूद असूनही प्रादेशिक समतोलासाठीची वैधानिक विकास मंडळे स्थापन व्हायला १९९४ साल उजाडले. त्यांची मुदत वेळोवेळी वाढवली जात होती. ३० एप्रिल २०२० रोजी ती संपली, तेव्हा वाढवण्यात आली नाही.