ग्राउंड म्हणजे शून्य व्होल्ट, पण कुठलं ग्राउंड?

अंडी उबवायचा छोटा डबा बनवला होता, आत ३७.५ डिग्री ठेवायचं, बस एवढंच काम. तापमान मोजणारा एलएम३५ सेन्सर, आर्डुइनो म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर, हीटर चालू-बंद करणारा रिले आणि १२ व्होल्टचा हीटर, साधारण २ अँपिअर खाणारा. सर्किटचा बोर्ड, म्हणजे पीसीबी, घरीच तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराईडमध्ये काढलेला. चालू केला तर रिले टकटकटकटक, थांबायचं नावच नाही. हीटर लागला की स्क्रीनवर थेट ४३ आणि बंद झाला की परत ३७, आता हवा काय क्षणात सहा डिग्री तापते का! आधी सेन्सर बदलला, मग कोडमध्ये अ‍ॅव्हरेज घालून पाहिलं, अर्धा दिवस त्यातच गेला.

शेवटी हीटर सलग चालू ठेवला, मल्टिमीटर मिलिव्होल्टवर घेतला, एक प्रोब आर्डुइनोच्या ग्राउंडला (ग्राउंड म्हणजे जिथून सगळे व्होल्ट मोजतात आणि जिथून करंट सप्लायकडे परत जातो ती वाट) आणि दुसरा सेन्सरच्या ग्राउंडला. दोन्ही एकाच तांब्याच्या पट्टीवर, म्हणजे शून्यच यायला हवं ना? साठच्या आसपास आले.

हिशोब अगदी सोपा आहे. पीसीबीवरचं तांबं साधारण ३५ मायक्रॉन जाड असतं आणि त्याच्या चौकोनी तुकड्याचा रेझिस्टन्स, चौकोन लहान असो की मोठा, अर्धा मिलिओहम धरायचा. माझी पट्टी १ मिमी रुंद, ६ सेमी लांब, म्हणजे एकापुढे एक ६० चौकोन, झाले ३० मिलिओहम. त्यातून हीटरचे २ अँपिअर परत येताना ६० मिलिव्होल्ट पडतात, आणि एलएम३५ एका डिग्रीला १० मिलिव्होल्ट देतो. सहा डिग्री इथून आल्या! सेन्सर बिचारा खरंच बोलत होता, त्याच्या पायाखालची जमीनच वर उचलली जात होती.

बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर कोणी बादली ओतली की आपल्या न्हाणीच्या जाळीतून गुडगुड येते ना, तसंच, पाइप कॉमन आहे म्हणून.

मग हीटरची परतीची वाट वेगळी, जाड, थेट सप्लायच्या टर्मिनलपर्यंत नेली, सेन्सरचं ग्राउंड आपलं वेगळं आर्डुइनोकडे, आणि दोघांची गाठ टर्मिनलपाशी एकाच ठिकाणी. याला स्टार ग्राउंड म्हणतात. गाठ मारायचीच नाही असं मात्र करू नका, मग सेन्सरचे मिलिव्होल्ट मोजायचे कशापासून?

आणि हे वाचून कोणी सगळ्या बोर्डाच्या ग्राउंड प्लेनला, म्हणजे ग्राउंडसाठी ठेवलेल्या तांब्याच्या पसरट थराला, मधोमध चीर पाडू नये, ती चूक तर याहून वाईट. फास्ट सिग्नलचा परतीचा करंट कमी रेझिस्टन्सची वाट शोधत नाही, तो त्या ट्रॅकच्या बरोबर खालून प्लेनमधून परत येतो, आणि खाली चीर असेल तर त्याला लांबून वळसा घालावा लागतो, तो वळसा म्हणजे आयता अँटेना. तिथे प्लेन अखंड ठेवायचं आणि मोटर, रिले वगैरे दांडगी मंडळी सप्लायच्या कोपऱ्यात बसवायची, नाजूक सेन्सर दुसऱ्या टोकाला.

माझा रिले आता दोन-तीन मिनिटांनी एकदा टक करतो.