पीआरपी उपचार (केसगळतीवरील)

रुग्णाचेच रक्त काढून, ते यंत्रात फिरवून, त्यातला बिंबाणूंनी म्हणजे प्लेटलेट्सनी समृद्ध झालेला रक्तद्रव डोक्याच्या त्वचेत टोचण्याचा उपचार. ‘प्लेटलेट रिच प्लाझ्मा’ या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला सर्वत्र पीआरपी म्हणतात. मुंबईत तर ‘पीआरपी केलं’, ‘तीन सिटिंग झाल्या’ असे लोक सहज बोलतात. हा उपचार प्रामुख्याने आनुवंशिक केसगळतीवर वापरला जातो. गुळगुळीत झालेल्या टकलावर त्याने केस उगवत नाहीत. जे केस बारीक होत चालले आहेत पण ज्यांचे मूळ अजून जिवंत आहे, तेवढेच जाड होऊ शकतात आणि जास्त दिवस टिकू शकतात. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण जाहिरातीत हे वाक्य आलेच तर तळाशी आणि बारीक टायपात येते.

मुंबईकराची प्लेटलेट्सशी ओळख होते ती पावसाळ्यात. घरात कोणाला डेंग्यू झाला की ‘आज काउंट किती आला?’ हा प्रश्न रोज विचारला जातो. निरोगी माणसाच्या रक्तात दर मायक्रोलिटरला साधारण दीड ते साडेचार लाख बिंबाणू असतात. रक्त गोठवणे हे त्यांचे मुख्य काम. पण त्यांच्या आत अल्फा कणिका नावाच्या बारीक पिशव्या असतात आणि त्यांत पीडीजीएफ, व्हीईजीएफ, टीजीएफ-बीटा यांसारखी वाढघटक प्रथिने भरलेली असतात. जखम झाली की बिंबाणू तिथे गोळा होतात आणि ही प्रथिने बाहेर पडून दुरुस्तीचे काम सुरू होते. हीच प्रथिने केसाच्या मुळाशी एकवटून सोडली तर तिथल्या पेशी चेतवल्या जातील, भोवतीचा रक्तपुरवठा सुधारेल आणि केसाचा वाढीचा काळ लांबेल, या अपेक्षेवर हा उपचार उभा आहे.

डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले रोज ५० ते १०० गळणे स्वाभाविक आहे. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे संक्रमणात घालवतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि मग गळतो. आनुवंशिक टकलात टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या संप्रेरकामुळे केसाचे मूळ दर फेरीला आक्रसत जाते. जाड केसाच्या जागी बारीक केस येतो, त्याच्या जागी लव येते. पुरुषांत कपाळाचे कोपरे मागे सरकतात आणि माथा उघडा पडतो. स्त्रियांत भांग रुंदावत जातो, पुढची केसरेषा मात्र बहुधा शाबूत राहते. टायफॉइड, डेंग्यू, कोविड किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठ-मूठ केस जातात तो प्रकार वेगळा. तो बहुतेक वेळा आपोआप थांबतो. नेमक्या त्याच काळात सुया टोचून घेतल्या की श्रेय सुयांना जाते.

बिंबाणूंनी समृद्ध रक्तद्रव ही कल्पना केसांसाठी जन्मलेली नाही. १९७० च्या दशकात रक्तविज्ञानात तो बिंबाणू कमी पडलेल्या रुग्णांना चढवण्यासाठी वापरला जाई. १९९८ मध्ये अमेरिकी मुखशल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांनी जबड्याच्या अस्थिरोपणात त्याचा वापर केल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हापासून त्याची चर्चा वाढली. खेळाडूंचे गुडघे आणि कोपर त्यानंतरचे. केसांच्या बाबतीत २००६ मध्ये ब्राझीलचे कार्लोस उबेल यांनी रोपणाचे केस लावण्याआधी या द्रवात भिजवून पाहिले. वीस रुग्णांच्या त्या अभ्यासात भिजवलेल्या बाजूची घनता सुमारे १५ टक्के जास्त भरली.

प्रत्यक्ष कृती तासाभराची असते. डोके पुसून त्यावर भूल आणणारे मलम लावतात आणि तोवर दंडाच्या शिरेतून १० ते २० मिलिलिटर किंवा थोडे जास्त रक्त काढतात. ते गोठू नये म्हणून नळीत सायट्रेटयुक्त द्रव असतो. नळी सेंट्रिफ्यूजमध्ये घालताना समोरच्या खाचेत तेवढ्याच वजनाची पाणी भरलेली नळी ठेवावी लागते, नाहीतर यंत्र टेबलावर थडथडू लागते. पहिली फेरी हळू. नळी बाहेर येते तेव्हा तळाशी गडद लाल पेशी, वर पिवळसर रक्तद्रव आणि दोहोंच्या सीमेवर सायीसारखा पातळ पांढुरका थर दिसतो. वरचा पिवळा भाग आणि हा थर काढून दुसऱ्या नळीत जोरात फिरवतात. आता बिंबाणू तळाशी बसतात. वरचा निकामी द्रव टाकून उरलेला तीन ते पाच मिलिलिटरचा ऐवज इन्सुलिनच्या बारीक सिरिंजमध्ये भरतात आणि विरळ भागात साधारण सेंटिमीटर-सेंटिमीटरवर थेंबथेंब टोचतात. कपाळाजवळच्या सुया जास्त झोंबतात, म्हणून काहीजण लिग्नोकेनची सुई देऊन आधी भूल देतात, काही बर्फ फिरवतात. दुसऱ्या दिवशी डोके जड वाटते, कधी कपाळावर थोडी सूज उतरते. दुखले तर पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन टाळायला सांगतात, कारण ज्या बिंबाणूंसाठी एवढा खटाटोप केला त्यांचेच काम ती मंदावतात.

या उपचाराची खरी कमजोर बाजू त्या यंत्राच्या आकड्यांत आहे. एक डॉक्टर १५०० फेऱ्या म्हणतो, दुसरा ३०००. पण मिनिटाला किती फेरे, यावरून नळीवर किती जोर आला ते कळत नाही. चकतीची त्रिज्या बदलली की तेवढ्याच फेऱ्यांत जोर बदलतो. त्यात एका रुग्णाचा काउंट मुळात दीड लाख, दुसऱ्याचा चार लाख. मूळ रक्ताच्या चार-पाच पट बिंबाणू हवेत, असे सर्वसाधारणपणे मानतात. पण तयार द्रव सूक्ष्मदर्शकाखाली मोजून मगच टोचणारे दवाखाने थोडे. म्हणजे दादरला मिळालेले पीआरपी आणि बोरिवलीला मिळालेले पीआरपी ही एकच गोष्ट आहे, असे धरून चालता येत नाही. वाढघटकांचा निवळ अर्क म्हणून विकला जाणारा ‘जीएफसी’ हा याचाच महागडा भाऊ. त्यात नळीतच बिंबाणूंकडून प्रथिने सोडवून घेतात.

अभ्यासांचा निष्कर्षही याच कारणाने डळमळता राहतो. डोक्याच्या एका बाजूला पीआरपी आणि दुसऱ्या बाजूला मिठाचे पाणी टोचून केलेल्या बऱ्याच चाचण्यांत पीआरपीच्या बाजूची घनता वाढलेली आढळली. काहींत दोन्ही बाजूंत विशेष फरक निघाला नाही. बहुतेक चाचण्या थोड्या रुग्णांवरच्या आणि प्रत्येकाची कृती निराळी. एकत्रित विश्लेषणांचा कल अनुकूल आहे, पण मिनॉक्सिडिल आणि फिनास्टेराइड या औषधांच्या मागे जेवढा पुरावा आहे तेवढा इथे नाही. त्या दोन्हींना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने केसगळतीसाठी अनुक्रमे १९८८ आणि १९९७ मध्ये मान्यता दिली. पीआरपीच्या बाबतीत तिथे रक्त वेगळे करणारी उपकरणे मंजूर आहेत, केसगळतीवरचा उपचार म्हणून मंजुरी नाही. म्हणून जाणते डॉक्टर औषधांच्या जोडीला पीआरपी देतात, औषधांऐवजी नाही. चाईवरही, म्हणजे गोल चट्ट्यांत केस जाण्यावरही, तो वापरतात. इटलीतल्या २०१३ च्या ४५ रुग्णांच्या अभ्यासात त्याचा उपयोग दिसला होता.

द्रव स्वतःच्याच रक्ताचा असल्याने ॲलर्जीची भीती जवळजवळ नसते. धोका असतो तो हलगर्जीपणाचा. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधील एका विनापरवाना स्पामध्ये चेहऱ्यावर असेच उपचार घेतलेल्या ग्राहकांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केले. नळीवर आपले नाव लिहिलेले आहे का आणि सुई आपल्यासमोर फोडली का, हे पाहण्यात संकोच करू नये. काउंट कमी असलेले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, कर्करोगाचे उपचार चाललेले आणि डोक्याच्या त्वचेला संसर्ग झालेले रुग्ण यांना हा उपचार देत नाहीत.

मुंबईत एका सिटिंगला काही हजार रुपये लागतात. महिन्याच्या अंतराने तीन-चार आणि पुढे सहा महिन्यांनी एक, असा क्रम असतो. बंद केले की केस पुन्हा आपल्या वाटेने जाऊ लागतात. सौंदर्योपचार म्हणून विमा बहुधा पैसे देत नाही. लग्नसराईच्या आधी ‘पॅकेज’ निघतात, सोबत ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो. पहिल्यात केस ओले आणि दिवा डोक्यावर, दुसऱ्यात केस कोरडे, फुगवलेले आणि प्रकाश समोरून. भारतातल्या १९४५ च्या औषध नियमावलीची अनुसूची ‘जे’ ज्या विकारांवर औषधाने बरे करण्याचा दावा करता येत नाही त्यांची यादी देते, तिच्यात टक्कलही आहे.

इथे केसगळतीचे खापर हमखास पाण्यावर फुटते. गावाहून आलेला मुलगा म्हणतो पाणी लागलं, मुंबईहून पुण्याला गेलेलाही तेच म्हणतो. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी या तलावांचे पावसाचे, मऊ पाणी येते. बोअरवेलचे किंवा टँकरचे जड पाणी केस राठ करते, त्यामुळे ते तुटतातही, पण कपाळाचे कोपरे त्याने मागे सरकत नाहीत. कारण शोधायचे तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातल्या लोहाचा साठा), थायरॉइड यांच्या तपासण्या आणि एक साधी ओढचाचणी उपयोगी पडते. डॉक्टर ५०-६० केस चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलकेच ओढतात आणि हातात किती आले ते मोजतात. दहातला एकाहून अधिक निघाला तर गळती चालू आहे असे समजतात. केईएम किंवा नायर या पालिका रुग्णालयांच्या त्वचाविभागात केस पेपर काढून ही चाचणी करून घेता येते. फक्त आदल्या दिवशी डोके धुऊन जाऊ नये, कारण निघायचे ते केस न्हाणीच्या जाळीत अडकलेले असतात आणि चिमटीत काहीच येत नाही.